कुंडीतल्या टोमॅटो-मिरचीची रोपं हलवणं आणि पाणी देणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी कुंडीत टोमॅटो, मिरची, वांगी लावणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा दोन ठिकाणी अडते: रोप लहान भांड्यातून मोठ्यात हलवताना आणि त्यानंतर त्याला पाणी देताना. ही तिन्ही झाडं मी मातीत, कोकोपीटमध्ये (नारळाच्या सोडणाचा भुसा), पर्लाइटच्या (फुगवलेले हलके पांढरे दाणे) मिश्रणात आणि नुसत्या पाण्यावरही वाढवली आहेत. जी रोपं हातची गेली, त्यातली बहुतेक किडीने गेली नाहीत, पाण्याने गेली. म्हणून इथे पाण्याबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

रोज पाणी द्यायचं की एक दिवसाआड?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्याला आकड्यात उत्तर नाही. शेतीत एक फार नेमका शब्द आहे, वाफसा. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही आहे आणि हवाही खेळती आहे, अशी अवस्था म्हणजे वाफसा. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, कारण तीही श्वास घेतात. हवेतून प्राणवायू ज्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे १०,००० पट सावकाश तो पाण्यातून पसरतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात आणि चोहीकडे पाणी असूनही त्यांना ते ओढता येत नाही.

म्हणून ‘काल पाणी दिलं होतं का’ हे आठवण्यापेक्षा आज कुंडीत वाफसा आहे का, ते बघा. तोच कोकोपीटमध्ये एका दिवसात येतो, चिकण मातीत तीन-चार दिवसांनी येतो, आणि क्ले बॉलमध्ये (भाजलेल्या मातीचे हलके, सच्छिद्र गोळे) जवळजवळ कायमच असतो. माध्यम बदललं की पाण्याचं सगळं गणित बदलतं.

मग वाफसा आला हे ओळखायचं कसं?

कुंडी उचलून. यापेक्षा भरवशाची पद्धत मला अजून सापडलेली नाही.

माझ्याकडे मिरचीची ५ लिटरची एक कुंडी आहे. पोटभर पाणी घालून, निथळून झाल्यावर ती वजनकाट्याला टांगली तेव्हा ४.१ किलो भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ३.६. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी २.९ झाली तेव्हा पानांचा तजेला गेला होता आणि शेंड्याची पानं जराशी मिटली होती. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे झाडाने नेमकं किती पाणी वापरलं तेही कळलं. तेव्हापासून ती कुंडी ३.१ च्या आसपास आली की मी पाणी देतो. आठवडाभर असं मोजलं की काट्याची गरज उरत नाही, हाताला वजन कळू लागतं. झाड वाढेल तसं त्याचं स्वतःचं वजनही वाढतं, एवढं मात्र ध्यानात ठेवा.

कुंडी उचलण्यापलीकडची असेल तर बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. वरचा थर कोरडा आणि बोटाच्या टोकाला गारवा, म्हणजे अजून थांबा. खोल कुंडीत एखादी कोरडी लाकडी काडी तळापर्यंत खोचून दहा मिनिटांनी बाहेर काढा. काडी जिथपर्यंत काळपट झाली असेल, तिथून खाली ओल आहे.

रोप हलवायची योग्य वेळ कोणती?

बी रुजल्यावर पहिल्यांदा दिसतात ती दोन गुळगुळीत दलपत्रं. ती खरी पानं नव्हेत. त्यानंतर कातरलेल्या कडांची टोमॅटोची, किंवा टोकदार मिरचीची खरी पानं येतात. अशी चार-पाच खरी पानं आली की हलवण्याचा विचार करा. टोमॅटोला पेरणीपासून साधारण ४ ते ५ आठवडे लागतात. मिरची सावकाश चालते, तिला ६ ते ८ आठवडे द्यावेत. वांगं या दोघांच्या मध्ये.

पण दिवस मोजण्यापेक्षा मुळांकडे बघितलेलं बरं. ट्रेच्या खणाला खालून बोटाने हलकेच ढकला. मुळांचा गोळा न सुटता सबंध बाहेर आला आणि त्याच्या अंगावर पांढऱ्या मुळांची विरळ जाळी दिसली, तर हीच वेळ. माती गळून पडली आणि हातात नुसतं रोप राहिलं, तर आठवडाभर थांबा. तसंच परत ठेवून द्या, काही बिघडत नाही.

लहान रोप थेट मोठ्या कुंडीत लावलं तर काय होतं?

टोमॅटो बहुतेक वेळा निभावून नेतो. मिरची रुसते. अंगठ्याएवढा मुळांचा गोळा २० लिटर ओल्या मातीत बसवला, तर ते पाणी पिणारं कोणीच नसतं. माती आठवडाभर ओलीच राहते, वाफसा येत नाही, आणि इवलीशी मुळं त्या गार चिखलात बसून राहतात. भारी मातीत हा धोका फार. पर्लाइट भरपूर असलेल्या मोकळ्या मिश्रणात तितका नाही.

मी मिरची दोन टप्प्यांत हलवतो. ट्रेमधून अर्ध्या लिटरच्या भांड्यात, आणि तिथे मुळं कडेला पोचली की शेवटच्या कुंडीत. शेवटची कुंडी मिरचीला ८ ते १२ लिटर, वांग्याला १२ ते १५ आणि उंच वाढत जाणाऱ्या टोमॅटोला २० लिटर किंवा जास्त. टोमॅटोच्या बाबतीत कुंडीला कंजूषपणा करू नका. भर उन्हात मोठं झाड ८ लिटरच्या कुंडीतलं पाणी दुपारपर्यंत संपवून टाकतं आणि मग दिवसातून दोनदा झारी घेऊन धावावं लागतं.

हलवताना रोप मरू नये म्हणून काय काळजी घ्यायची?

पाणी मुख्यतः शोषलं जातं ते मुळांच्या टोकाशी असलेल्या बारीक केसांसारख्या तंतूंतून. ते इतके नाजूक असतात की मुळावरची माती घसरली तरी तुटतात. हलवल्यानंतर रोप मलूल पडतं ते यामुळे. पानांतून पाणी उडतच राहतं, पण खालून येणारा पुरवठा तुटलेला असतो. सगळी काळजी या एका गोष्टीभोवती फिरते.

ट्रेमध्ये वाढलेल्या रोपाला आधी आठ-दहा दिवस बाहेरच्या वाऱ्याची आणि उन्हाची सवय लावा. पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग रोज थोडं वाढवत. हलवण्याच्या दोन तास आधी ट्रेला पाणी द्या, म्हणजे गोळा एकसंध सुटतो. नव्या कुंडीतलं मिश्रणही आधीच ओलवून ठेवा. कोरडं मिश्रण रोपाच्या गोळ्यातलंच पाणी ओढून घेतं. काम उन्हं उतरल्यावर करा, म्हणजे रोपाला सावरायला अख्खी रात्र मिळते.

रोप धरताना खोडाला हात लावू नका, पानाला धरा. पान फाटलं तर दुसरं येतं, पण कोवळं खोड चिमटलं गेलं की रोप संपलं. लावल्यावर माती मुठीने दाबू नका, बोटांनी सारखी करा आणि उरलेलं बसवण्याचं काम पाण्यावर सोडा. पुढचे दोन-तीन दिवस कडक उन्हापासून आडोसा द्या. खत लगेच देऊ नका, नवं पान फुटताना दिसलं की मग.

टोमॅटो खोल लावतात, मग मिरचीही लावायची का?

टोमॅटोच्या खोडावर जमिनीलगत बारीक पुटकुळ्या दिसतात. त्या मुळं फुटण्याच्या जागा. खोड मातीखाली गेलं की तिथून नवी मुळं येतात. म्हणून खालची पानं खुडून टोमॅटो शेंड्याखालच्या पानांपर्यंत खोल गाडला तरी चालतो, उलट झाड मजबूत होतं. रोप उंच आणि लुळं झालं असेल तर त्याला आडवं निजवून फक्त शेंडा वर ठेवतात, तेही चालतं.

मिरची आणि वांग्याची खोडं लवकर टणक होतात, त्यांना इतक्या सहज मुळं फुटत नाहीत. दलपत्रांपर्यंत लावली तर हरकत नाही, त्यापेक्षा खोल नको. कलमी रोप असेल तर कलमाचा जोड मातीच्या वरच राहिला पाहिजे. नाहीतर वरच्या फांदीला स्वतःची मुळं फुटतात आणि कलम करण्याचा हेतूच जातो.

बाहेर काढल्यावर मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली. सोडवायची का?

हो. तशीच लावली तर ती त्याच फेऱ्यात फिरत राहतात आणि नव्या मातीत शिरायला फार वेळ लावतात. गोळ्याच्या तळाशी झालेली चकती सरळ फाडून टाका आणि कडेला तीन-चार ठिकाणी बोटाने ओरबाडून मुळं मोकळी करा. ही तिन्ही झाडं एवढं सोसतात. काकडी, दुधीसारख्या वेलांच्या रोपांना मात्र असं करू नका, त्यांना मुळं दुखावलेली अजिबात खपत नाही.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापऱ्या घालायच्या ना?

नाही. आणि ही समजूत इतकी पक्की बसली आहे की उत्तर सविस्तर द्यावंसं वाटतं.

भांडी घासायचा जाडसर स्पंज घ्या, पाण्यात पूर्ण भिजवा आणि दोन्ही हातांवर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज लांब कडेवर उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. तेही थांबलं की आखूड कडेवर उभा धरा. आणखी गळेल. स्पंज तोच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची. सच्छिद्र वस्तूच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो आणि स्वतःच्या वजनाने खाली उतरत नाही. त्या थराची जाडी माध्यमाच्या बारीक-भरडपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. उंच कुंडीत तो तळाला राहतो आणि वर मुळांना मोकळी जागा मिळते. उथळ कुंडीत तोच थर अर्धी कुंडी व्यापतो.

आता तळाशी चार बोटं खडी घातली तर काय होईल? बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीतच अडकतं. म्हणजे तो ओला थर होता तेवढाच राहिला, फक्त चार बोटं वर सरकला, मुळांच्या आणखी जवळ आला. भोकातून माती वाहून जाऊ नये म्हणून जाळीचा एक तुकडा किंवा एखादी खापरी ठेवा, तेवढं पुरे. निचरा सुधारायचा असेल तर भरड वस्तू तळाशी न घालता सगळ्या मिश्रणात कालवा.

नुसती बागेतली माती भरली तर?

मी भरली होती. काळीभोर, सुपीक, जमिनीत वांगी लगडायची अशी माती. सहा मिरच्या लावल्या आणि रोज सकाळी पाणी दिलं. तीन आठवड्यांत पानं खालून पिवळी पडू लागली. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून खतही दिलं. शेवटी एक कुंडी उपडी केली तेव्हा गटारासारखा वास आला. मुळं तपकिरी, चिमटीत धरली की वरची साल सुटून आत दोऱ्यासारखी शीर राहायची. मुळकूज. सहापैकी दोनच वाचल्या.

जमिनीत त्याच मातीखाली कित्येक फूट माती असते आणि ती पाणी खाली ओढून नेते. गांडुळं, जुन्या मुळांची बिळं, भेगा हे सगळं तिथे असतं. कुंडीत फूटभर उंचीचा एक ढेकूळ, आणि प्रत्येक वेळी पाणी घालताना तो जास्तच दबत जातो.

आता मी दोन भाग माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग पर्लाइट असं कालवतो. ओलं मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, ही परीक्षा. गांडूळखत चांगलं म्हणून निम्मं घालू नका, ते बारीक असतं आणि पाणी धरून बसतं. चिकण मातीत बारीक वाळूही घालू नका. वाळूच्या कणांमधल्या जागा माती भरून काढते आणि वाळल्यावर विटेसारखा घट्ट गोळा होतो.

कोकोपीट निर्जीव आणि हलकं असतं म्हणतात. मग त्यातलं झाड पिवळं का पडतं?

दोन कारणं, आणि दोन्ही बऱ्याचदा एकत्र येतात.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातला भुसा. तो आपल्या वजनाच्या आठ-नऊ पट पाणी धरतो आणि तरी पोकळ्यांत हवा राहते, म्हणून आवडता. पण त्यात मुळातच पोटॅशियम आणि सोडियम जास्त असतं. खतातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दिलं की कोकोपीट ते स्वतः धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम-सोडियम सोडतं. झाड उपाशी राहतं. म्हणून वीट फुलवल्यावर दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुऊन पिळा, मग कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ द्रावणात रात्रभर भिजवून पुन्हा एकदा धुवा. नुसत्या धुण्याने सुटं मीठ जातं, पण चिकटून बसलेलं सोडियम हटवायला कॅल्शियमच लागतं. पाकिटावर ‘बफर केलेलं’ असं लिहिलं असेल तर हा खटाटोप वाचतो.

दुसरं कारण साधं आहे. कोकोपीटमध्ये झाडाला खाण्यासारखं फारसं काही नसतं. मातीतल्यासारखं महिन्यातून एकदा खत देऊन भागत नाही. रोप स्थिरावलं की जवळजवळ प्रत्येक पाण्याबरोबर पातळ विद्राव्य खत द्यावं लागतं, आणि त्या पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचं माप) ५.५ ते ६.५ असावा. दरवेळी इतकं द्या की दिलेल्याच्या दहा ते वीस टक्के खालून निथळून जाईल, म्हणजे मीठ साठत नाही. निथळलेलं पाणी बशीत तुंबू देऊ नका.

कोकोपीटचा वरचा थर भराभर वाळून फिकट पडतो आणि आत मात्र ते चिंब असतं. रंग बघून पाणी घालणारे इथेच फसतात. वजन बघा.

नर्सरीतून आणलेलं कोकोपीटमधलं रोप मातीत लावलं. माती ओली असूनही रोप सुकतंय, असं का?

याचं निदान पटकन होत नाही, म्हणून नीट सांगतो. रोपाची सगळी मुळं अजून त्या छोट्या कोकोपीटच्या गोळ्यातच आहेत. झाड तिथलंच पाणी पितं आणि गोळा दुपारपर्यंत कोरडा होतो. बाजूची माती ओली असली तरी दोन वेगळ्या पोताच्या माध्यमांत पाणी सहज इकडून तिकडे जात नाही. बारीक माती उलट गोळ्यातलंच पाणी ओढते. तुम्ही कुंडीच्या कडेने पाणी घालता, बोट घालून बघता, ओल लागते, आणि रोप तहानेने मरतं.

उपाय सोपा आहे. पहिले आठ-दहा दिवस थोडं पाणी थेट बुंध्याशी, गोळ्यावरच पडेल असं घाला. लावताना गोळ्याचा माथा उघडा न ठेवता त्यावर बोटाच्या पेराएवढी माती पसरा, नाहीतर तो वातीसारखं पाणी वर ओढून हवेत उडवतो. मुळं बाहेरच्या मातीत शिरली की हा प्रश्न संपतो.

पर्लाइट आणि व्हर्मिक्युलाइट एकच ना?

नाही. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीच्या काचेचे तापवून फुगवलेले पांढरे दाणे. ते पाणी पृष्ठभागावर धरतात, हवा जास्त देतात. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकासारखं पापुद्र्यांचं खनिज, तेही तापवून फुगवलेलं, पण ते पाणी आत साठवतं. पाणी जास्त टिकत असेल तर पर्लाइट, फार लवकर वाळत असेल तर व्हर्मिक्युलाइट. बी पेरून वरून झाकायला व्हर्मिक्युलाइट फार छान. पर्लाइट हाताळताना आधी ओलं करा आणि नाकाला फडकं बांधा, त्याची धूळ छातीला वाईट.

पाणी घातलं की लगेच खालून वाहून जातं, माती मात्र कोरडीच. हे काय?

पीट मॉस (दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) किंवा पीट जास्त असलेलं तयार मिश्रण एकदा खडखडीत वाळलं की पाणी झिडकारतं. ते आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. वरून कितीही ओता, उपयोग नाही. कुंडी बादलीत किंवा टबात अर्ध्या उंचीपर्यंत पाण्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. वरचा थर ओला दिसला की काढा आणि निथळू द्या. पुढच्या वेळी इतकं वाळू देऊ नका.

क्ले बॉल किंवा नुसत्या पाण्यावर वाढवायचं असेल तर मातीतलं रोप हलवता येतं का?

येतं, पण लहान असताना. माती धुऊन काढताना बारीक मुळं तुटतातच, आणि मोठ्या रोपाला तेवढा धक्का भारी पडतो. मुळं कोमट पाण्याच्या वाडग्यात हलवत माती सोडवा, धारेखाली चोळू नका. याहून चांगलं म्हणजे बी सुरुवातीलाच रॉकवूलच्या (वितळवलेल्या दगडाच्या तंतूंचा लोकरीसारखा ठोकळा) किंवा स्पंजच्या तुकड्यात रुजवणं. रॉकवूल अल्कधर्मी असतं, ते आधी ५.५ सामूच्या पाण्यात भिजवून घ्यावं.

पंप नको असेल तर हवाई विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत घरच्या घरी जमते. झाकण असलेल्या अपारदर्शक डब्यात पोषकद्रव्यांचं पाणी, झाकणाच्या भोकात रोप, मुळांची टोकं पाण्यात. झाड पाणी पितं तशी पातळी उतरते आणि वरच्या मोकळ्या जागेतली मुळं हवा घेऊ लागतात. डबा पुन्हा काठोकाठ भरणं ही इथली मोठी चूक. हवेला सरावलेली मुळं बुडतात आणि झाड दोन दिवसांत मान टाकतं. पाणी घालायचंच असेल तर निम्मी मुळं उघडी राहतील एवढंच.

डबा उन्हात तापू देऊ नका. २० अंश सेल्सियसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला राहू शकतो, ३० अंशांना साडेसातच. आणि उष्णतेत मुळांची हवेची भूक उलट वाढते.

झाडाने मान टाकली. पाणी कमी झालं की जास्त?

आधी झारी खाली ठेवा आणि कुंडी उचला. हलकी असेल तर तहान आहे, पाणी द्या, तास-दोन तासांत झाड उभं राहील. जड असेल आणि पानं लोंबत असतील, तर मुळं गुदमरली आहेत. आणखी पाणी म्हणजे आणखी नुकसान. कुंडी सावलीत, वाऱ्याला ठेवा, खाली दोन विटा सरकवा म्हणजे भोकं मोकळी राहतील, आणि वजन उतरेपर्यंत थांबा.

कडक दुपारी पानं लोंबली आणि संध्याकाळी आपोआप सावरली, तर काहीच करू नका. उडणारं पाणी मुळांच्या ओढण्यापेक्षा तेवढ्या वेळापुरतं जास्त होतं, इतकंच. सकाळीसुद्धा मान खालीच असेल तर मात्र लक्ष घाला.

टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो. कॅल्शियम द्यायचं का?

बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं, ते फळापर्यंत पोचत नाही. कॅल्शियम झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबरच वाहतं आणि एकदा पानात गेलं की तिथून परत फिरत नाही. फळातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला आधीच कमी येतं. त्यात कुंडी एकदा खडखडीत आणि एकदा चिंब झाली की फळाचं बूड उपाशी राहतं. पाणी एकसारखं करा, मातीवर पालापाचोळ्याचं दोन बोटं आच्छादन घाला. डाग पडलेली फळं काढून टाका, नंतरची चांगली येतात. अनेक जण एप्सम सॉल्ट सुचवतात. ते मॅग्नेशियम आहे आणि शोषणात कॅल्शियमशी स्पर्धा करतं, या दुखण्यावर ते देऊ नका. फळं तडकतात तीही याच कारणाने: ताणानंतर एकदम भरपूर पाणी. कोकोपीट आणि पाण्यावरच्या झाडांची गोष्ट वेगळी, तिथे कॅल्शियम खरंच कमी पडू शकतं.

कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो. तो काय असतो?

खताचं आणि जड पाण्याचं मीठ. पानांच्या कडाही जळू लागल्या असतील तर कुंडीच्या दुप्पट-तिप्पट साधं पाणी सावकाश वरून सोडून मीठ धुऊन काढा आणि पूर्ण निथळू द्या. नळाच्या पाण्यातला क्लोरीन रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की बराच उडून जातो. काही ठिकाणी क्लोरीनऐवजी पाणी शुद्ध करायला वापरतात तो क्लोरामाइन मात्र तसा उडत नाही.

पानांवर पाणी पडलं तर उन्हात पानं भाजतात का?

या झाडांच्या पानांवरचे थेंब भिंगासारखं ऊन एकवटून पान जाळतात, ही भीती सोडून द्या. तरी पानं ओली करू नकाच, कारण दुसरं आहे. टोमॅटोच्या करप्याच्या बुरशीला रुजायला ओलं पान लागतं. सकाळी, बुंध्याशी, सावकाश पाणी द्या. कधी संध्याकाळी द्यावं लागलंच तर पानं कोरडी राहतील असं बघा.

मातीची कुंडी, प्लास्टिकची, की कापडी पिशवी?

मातीच्या कुंडीतून पाणी अंगातून उडतं, मुळं गार राहतात, पाणी जास्त वेळा लागतं. प्लास्टिकमध्ये ओल टिकते, म्हणून मिश्रण मोकळं हवं. कापडी पिशवीत मुळाचं टोक कडेला पोचून हवेत सुकतं आणि मागून नवी मुळं फुटतात, गुंडाळी होत नाही. पण ती सगळ्यात लवकर वाळते. माझी मिरची कापडी पिशवीत सगळ्यात चांगली आली, पण उन्हाळ्यात तिला दोन वेळा पाणी द्यावं लागलं.

कुंडीवर बारीक काळी चिलटं उडतात.

वरचा थर सतत ओला आहे. त्यांच्या अळ्या बुरशी आणि कोवळी मुळं खातात. वरची दोन बोटं माती वाळू द्या, काही दिवस तळातून पाणी द्या, पिवळे चिकट सापळे लावा.

लहान रोपं मातीलगत बारीक होऊन एका रात्रीत आडवी झाली. वाचतील?

आडवी झालेली वाचणार नाहीत. ही रोपांची मर, ओल्या कोंदट जागेतल्या बुरशीची. उरलेल्यांचं पाणी कमी करा, वारा लागू द्या, दाटी काढा. तीच माती पुढच्या पेरणीला वापरू नका.

आठवडाभर घरी नसलो तर?

वातीची युक्ती चालते. सुती जाड दोरीचं एक टोक मुळांच्या उंचीला मातीत चार बोटं खोल, दुसरं शेजारच्या झाकलेल्या बादलीच्या तळाशी. दोरी आधी भिजवून घ्या, नाहीतर पाणी चढायला सुरुवातच होत नाही. मोठ्या टोमॅटोला दोन-तीन वाती लागतात. कुंड्या उन्हातून काढून एकमेकींना चिकटून ठेवा, वर आच्छादन घाला, पिकलेली फळं तोडून घ्या. निघण्याच्या दिवशी पहिल्यांदाच हे करू नका. तीन दिवस आधी मांडा आणि रोज कुंडी उचलून बघा. वजन उतरत चाललं तर आणखी एक वात घाला, वाढत चाललं तर एक काढा.